संगमावरची वल्ही : पुण्याच्या महाविद्यालयीन नौकानयनाची कथा

पुणे म्हटले की शनिवारवाडा, पर्वती, लाल महाल, कँपातील बाजार आणि शाळा-महाविद्यालये डोळ्यांसमोर येतात. होड्यांची शर्यत मात्र कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. समुद्र घाटाखाली राहिला आणि नद्या म्हणाव्यात तर उन्हाळ्यात त्यांची धार आटते. अशा गावात वल्ह्यांचा खेळ रुजेल कसा, असे कोणीही विचारील. परंतु वाचकहो, संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबने हा खेळ १९२८ सालापासून चालविला आहे. २०२८ साली त्याला शंभर वर्षे होतील. ज्या संस्थेत विद्यार्थी अवघी चार वर्षे राहतो, तेथे एखादी गोष्ट शतकभर टिकते ती कशाच्या बळावर, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

वल्हे आपल्याला परके नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू या. नौकानयन हा साहेबाचा खेळ, आपला नव्हे, असे पुष्कळांना वाटते. शर्यतीची आजची पद्धत इंग्लंडमधून आली हे खरे, पण वल्हे आपल्या हातात त्यापूर्वी कितीतरी आधीपासून आहे. शिवछत्रपतींच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग हे नामांकित अधिकारी होते. त्या काळचे गलबत शिडावर चाले आणि वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चाले. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मूळ गावे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आहेत, त्यांच्या घराण्यात एखादा तांडेल किंवा खलाशी निश्चित सापडेल. केरळात ओणमच्या सुमारास सर्पाकृती लांब नौकांच्या शर्यती होतात आणि त्यांत शंभराच्या आसपास माणसे एका नौकेत बसून वल्ही मारतात. तेव्हा वल्हवण्याचे कष्ट आपल्या रक्तात आहेत. इंग्रजांकडून आपण घेतले ते शर्यतीचे नियम, ठरावीक अंतर आणि घड्याळ.

'रेगाटा' हा शब्दही मुळात इंग्रजी नाही. तो इटलीतील व्हेनिस या कालव्यांच्या शहरातून आला आणि त्याचा अर्थ चढाओढ असा आहे. महाविद्यालयीन शर्यतीची परंपरा मात्र इंग्लंडची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १० जून १८२९ रोजी टेम्स नदीवर हेन्ली येथे झाली व ती ऑक्सफर्डने जिंकली. १८५६ पासून महायुद्धांसारखे अपवाद वगळता ती दरवर्षी होत आली. तिची वाट सुमारे ६.८ किलोमीटर लांबीची आहे. १९१२ साली वादळी हवेत दोन्ही संघांच्या नावा बुडाल्या आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल यांची शर्यत १८५२ मध्ये सुरू झाली. हिंदुस्थानात कलकत्ता रोइंग क्लब १८५८ साली व मद्रास बोट क्लब १८६७ साली स्थापन झाला. पुण्यातही गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब निघाला. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट हे १८८६ ते १८९० या काळात मुंबई सैन्याचे सरसेनापती होते. त्यांचे नाव धारण करणारा रॉयल कॅनॉट बोट क्लब मुळा-मुठेच्या काठी आहे, आणि ज्या रस्त्यावर तो आहे त्याला आजही बोट क्लब रोड असेच म्हणतात.

नदी, बंधारा आणि महाविद्यालय

आता जागेचा विचार करू. मुठा नदी खडकवासल्याकडून शहरातून वाहत येते. मुळा पश्चिमेकडून येते आणि दापोडीजवळ पवनेला आपल्यात सामावून घेते. या दोघी शहरात जेथे भेटतात तो संगम. पुढे ही मुळा-मुठा भीमेस जाऊन मिळते. संगमाचा परिसर इतिहासप्रसिद्ध आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकिलाची रेसिडेन्सी येथेच होती आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी ती जाळली गेली.

नुसता संगम असून होड्या चालत नाहीत. पाणी साठून राहावे लागते. ते काम खालच्या अंगाला बांधलेल्या बंधाऱ्याने केले. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूर गृहस्थाच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला येरवड्याजवळ हा बंधारा झाला. त्याच्या शेजारची बाग म्हणजे आपल्या ओळखीची बंडगार्डन. लोकांना पाणी मिळावे म्हणून केलेल्या दानातून पुढे खेळासाठीही पाणी अडून राहिले. सत्कर्माचे फळ कोठे, कोणाला आणि किती वर्षांनी मिळेल हे सांगता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जन्म १८५४ चा. सरकारी बांधकाम खात्यास इमारती, कालवे, पूल, लोहमार्ग यांची कामे जाणणारी माणसे हवी होती, म्हणून पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल या नावाने ते उघडले. मुख्य इमारतीची कोनशिला १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसविली. १९११ पासून त्यास कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना हे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये त्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठात रूपांतर झाले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच अभियंता होऊन बाहेर पडले. खडकवासला धरणावर आपोआप उघडमिट करणारे दरवाजे त्यांनी १९०३ च्या सुमारास बसविले. मुठेचे पाणी शिस्तीत ठेवणारा अभियंता त्याच नदीकाठच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी असावा, हा योगायोगही मोठा सुंदर आहे.

या महाविद्यालयात १९२८ साली बोट क्लब आणि रेगाटा यांची परंपरा सुरू झाली. ज्या खेळाकडे केवळ गोऱ्या साहेबांची करमणूक म्हणून पाहिले जाई, तो त्या परंपरेमुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आला. क्लब आजही विद्यार्थीच चालवितात.

एक हंगाम

विद्यार्थी मित्रहो, नौकानयनाचा हंगाम कसा चालतो ते थोडक्यात पाहू. त्याचे वेळापत्रक नदी ठरविते. पावसाळ्यात वरची धरणे भरली की नदीला पूर येतो, तेव्हा पाण्यात नाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ. पाऊस ओसरला, पाणी संथ झाले की खरा सराव सुरू होतो. नव्या मुलाला लगेच शर्यतीच्या नावेत बसवीत नाहीत. आधी पोहणे. मग रुंद बुडाच्या, सहसा न कलंडणाऱ्या पंट नावेवर हात बसवायचा. मग कयाक. आणि हात, पाठ, पाय यांचा मेळ जमल्यानंतर कोठे ती अरुंद, लांब, हलकी शर्यतीची नाव, जिला शेल म्हणतात.

ही नाव किती हलकी असावी? एका माणसाची आंतरराष्ट्रीय शर्यतीची नाव सुमारे आठ मीटर लांब असते, पण तिचे किमान वजन अवघे १४ किलो ठरविले आहे. आठ जणांची नाव सतरा-अठरा मीटर लांब आणि किमान ९६ किलो वजनाची. वल्हेही दोन प्रकारचे. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्ही असली तर त्यास स्कलिंग म्हणतात, आणि प्रत्येकाकडे एकच मोठे वल्हे असले तर स्वीप. वल्हे म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील तरफच होय. पाते पाण्यात रोवले की तेथे टेकू मिळतो, हाताने बल लावायचे आणि मध्ये अडकविलेली नाव म्हणजे भार. पाणी मागे रेटले की नाव पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम पाठ करून जो ध्यानात राहत नाही, तो वल्ह्यावर एका सकाळी कळतो.

बसकाने चालणारी सरकती बैठक ही या नावेची आणखी एक गंमत. त्यामुळे खरा जोर हातांचा नसून पायांचा असतो. आणि सर्वांत मोठी नवलाई अशी की वल्हवणारे सारे पाठमोरे बसतात. कोठे जायचे ते त्यांना दिसत नाही, कोठून आलो तेवढे दिसते. पुढची वाट पाहतो तो सुकाणू धरणारा कॉक्स. तो बहुधा अंगाने लहान असतो, पण त्याच्या शब्दावर आठ धिप्पाड मुले चालतात. त्याच्यासमोर बसणारा स्ट्रोक ताल धरतो आणि बाकीचे त्याच्या तालात वल्हे टाकतात. एखाद्याने एकट्यानेच जास्त जोर लावला तर नाव पुढे जाण्याऐवजी डुलते आणि रेंगाळते. येथे कोणाचा वैयक्तिक गुण मोजला जात नाही. आठही पाती एकाच क्षणी पाण्यात गेली पाहिजेत आणि एकाच क्षणी बाहेर आली पाहिजेत.

थंडीच्या महिन्यांत पहाटेचा सराव, दिवसा तास आणि प्रात्यक्षिके, संध्याकाळी पुन्हा नदी, असा क्रम चालतो. याच काळात राज्य व राष्ट्रीय पातळीच्या आणि विद्यापीठांच्या स्पर्धा असतात. आंतरराष्ट्रीय शर्यतीचे अंतर २००० मीटर, तर आपल्याकडील राष्ट्रीय स्पर्धांत ५०० मीटरच्या झपाट्याच्या शर्यतीही होतात. आणि मग हिवाळा संपून उन्हाळा लागता लागता येतो तो रेगाटा. त्या संध्याकाळी नदीकाठी माणसांची दाटी होते. पंट नावांच्या रचना, कयाकचे तालबद्ध खेळ, शेल नावांची बाणासारखी रचना आणि अंधार पडल्यावर पाण्यावरचे मशालनृत्य हे सारे मुलेच बसवितात. शर्यतीत एक जिंकतो आणि इतर हरतात. पण रेगाटाच्या रचनेत एकाची नाव चुकली तर साऱ्यांची आकृती मोडते. वर्षभर एकमेकांशी स्पर्धा करणारे हात हंगामाच्या शेवटी एकाच आकृतीत गुंफले जातात, ही या क्लबची खरी शोभा.

चार वर्षांची पिढी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षांत शिकून बाहेर पडतो. म्हणजे दर चार वर्षांनी क्लबमधील एकूण एक माणूस बदलतो. १९२८ पासून हिशेब केला तर जवळजवळ पंचवीस पिढ्या झाल्या. या मधल्या काळात महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठेने पुण्यात हाहाकार माजविला, कोरोनाच्या साथीने महाविद्यालये बंद पडली. तरीही परंपरा तुटली नाही. कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या मुलाला हाताला धरून नावेत बसवितो. वल्हे कसे धरावे, नाव खांद्यावर कशी उचलावी, पाणी कोठे खोल आणि कोठे उथळ, हे त्याने ज्याच्याकडून घेतले त्याला परत करता येत नाही. तो पुढच्यालाच देऊ शकतो.

पालकहो, शिक्षणसंस्थेचेही असेच असते. इमारत देणगीतून होते, पण संस्था टिकते ती पुढच्याला शिकविणाऱ्या मागच्यामुळे. आपल्या मुलांनी शिष्यवृत्ती घेतली, पदवी मिळविली, नोकरीला लागली आणि मागे वळून पाहिलेच नाही, तर ती साखळी आपल्याच घरी तुटेल.

'खेळाने अभ्यास बुडतो' काय?

ही शंका प्रत्येक आईबापाच्या मनात असते आणि ती अगदी अवाजवी नाही. मुलाला शिकविण्यासाठी ज्यांनी पोटाला चिमटा घेतला, त्यांना नदीवर जाणारी पहाट वाया गेलेली वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मी उपदेशाने न देता एका उदाहरणाने देतो.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. भाग अवर्षणाचा. तेथील दत्तू भोकनळ हा तरुण वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करीत असे. वडिलांच्या निधनानंतर २०१२ मध्ये तो सैन्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला आणि तेथे त्याने प्रथम वल्हे हातात घेतले. दापोडी येथे सैन्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील नौकानयन केंद्रातून देशाचे अनेक खेळाडू तयार झाले. दत्तू त्यांपैकीच एक. वल्हे हाती धरल्यापासून चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, तो नौकानयनातील भारताचा एकमेव प्रतिनिधी होता आणि एकेरी शर्यतीत त्याने तेरावा क्रमांक मिळविला.

पुढची गोष्ट अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील नौकानयन इंडोनेशियात पालेमबांग येथे झाले. एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृती बिघडल्यामुळे दत्तू मध्येच थांबला आणि शेवटचा आला. कोणीही खचून गेले असते. पण दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासमवेत तो चौघांच्या नावेत बसला आणि त्या चौघांनी सुवर्णपदक जिंकले. वेळ होती सुमारे ६ मिनिटे १७ सेकंद. २००० मीटर अंतराला ३७७ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १९ किलोमीटर. विद्यार्थी मित्रहो, हा हिशेब वहीवर करून पाहा. आदल्या दिवशी एकटा हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिघांच्या साथीने जिंकतो. पुढे २०२० साली त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला.

मुलीही यात मागे नाहीत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे नौकानयन १९७६ साली मॉन्ट्रिअल येथे सुरू झाले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत बजरंगलाल ताखर याने भारताला या खेळातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, आणि त्याच स्पर्धेत प्रतिमा पुहाना व प्रमिला प्रवा मिंझ या ओडिशाच्या मुलींनी कांस्यपदक पटकावले. संगमावरच्या रेगाटातही मुली वल्हे मारतात.

म्हणून माझे पालकांना इतकेच सांगणे आहे की खेळ आणि अभ्यास यांत निवड करावी लागत नाही, वेळेची आखणी करावी लागते. पहाटे नदीवर वेळेवर पोहोचणारा मुलगा तासालाही वेळेवर पोहोचतो, कारण नाव एकासाठी थांबत नाही आणि एक कमी असला तर निघतही नाही. मात्र काही पथ्ये अवश्य पाळावीत. पोहता आल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू नये. शिकाऊ मुलाने अंगात जीवरक्षक जॅकेट घालावे. पुराच्या पाण्यात कदापि जाऊ नये, आणि शिकविणारा जाणता माणूस काठावर असल्याखेरीज सराव करू नये.

नदीच उरली नाही तर

शेवटी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आज या खेळाला धोका अभ्यासाचा नाही, नदीच्या प्रकृतीचा आहे. शहराचे सांडपाणी मुळा-मुठेत येते. त्या घाणीवर जलपर्णी माजते आणि पाण्याचा हिरवा गालिचा होतो. त्यात वल्हे अडकते. पाणी उडाले की अंगाला वास येतो. नदी सुधारणेच्या मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. परंतु सरकारी योजना नदीच्या काठापर्यंत येते, आपल्या मोरीपर्यंत नाही. प्लॅस्टिकची पिशवी, सणाचे निर्माल्य, कुर्बानीनंतरचा कचरा, कारखान्याचे रंगीत पाणी हे सारे कोणाच्या ना कोणाच्या हातूनच नदीत पडते. त्यात धर्म नाही, जात नाही. आपण सारे त्यात भागीदार आहोत.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. जिच्यावर महाविद्यालयीन शर्यतीचा जन्म झाला ती टेम्स नदी १९५७ मध्ये लंडनच्या भागात मृत झाल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले होते. लोकांनी आणि सरकारने मनावर घेतले आणि तिच्यात मासे परतले. परंतु २०२४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीपूर्वी टेम्सच्या पाण्यात पुन्हा रोगजंतू आढळले आणि खेळाडूंना पाण्यात न उतरण्याची ताकीद द्यावी लागली. नदी एकदा स्वच्छ करून भागत नाही, हा त्यातला धडा. वल्ह्याप्रमाणे तेथेही प्रत्येक पिढीने आपला हात लावावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, २०२८ साली संगमावरच्या या परंपरेला शंभर वर्षे पूर्ण होतील, तेव्हा तुमच्यापैकी काही जण महाविद्यालयात असाल. कोणी नावेत असेल, कोणी काठावर. नावेत बसण्याचे भाग्य सर्वांना लाभणार नाही. पण जमशेटजींनी बंधारा बांधला तेव्हा तेही काही वल्हे मारायला बसले नव्हते. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी पाणी राखून ठेवणे हेही त्याच नावेतले एक वल्हे आहे, आणि ते कोणत्याही वयाच्या माणसाला उचलता येते.